व्यायामाच्या व्याख्येतील ‘इष्ट’ : आनंदासाठी धावण्याचा शास्त्रविचार

हेमंत ऋतूचे आगमन झाले की आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात एक विशिष्ट रुग्णवर्ग दिसू लागतो. वय साधारणतः पस्तीस ते पंचावन्न, व्यवसाय बैठा, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ, आणि तक्रार टाचेची, गुडघ्याची किंवा झोपेची. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर साताऱ्यासारख्या शहरांतही अशा शर्यती भरू लागल्या. लोक धावू लागले ही गोष्ट आनंदाचीच आहे. व्यायामाचा सर्वथा अभाव असलेल्या समाजात मेदोरोग व प्रमेह यांचे काय स्वरूप होते, हे वैद्यबंधूंना वेगळे सांगावयास नको. परंतु धावणाऱ्यांपैकी काही जण निरोगी होण्याऐवजी रुग्ण होऊन आपल्याकडे येतात. त्यांना आपण तेल देतो, गुग्गुळ कल्प देतो, आणि ते पुन्हा पूर्ववत धावू लागतात. निदानपरिवर्जन होत नाही, कारण येथे निदान नेमके कोणते, याचा निर्णय आपण केलेला नसतो. धावणे हे निदान की धावण्याचा हेतू हे निदान, असा हा प्रश्न आहे.

गतवर्षी माझ्याकडे आलेले एक गृहस्थ या दृष्टीने बोधप्रद वाटतात. वय सेहेचाळीस, न्यायालयात लिपिक, प्रकृती वातपित्तप्रधान. दोन वर्षे ते गावाबाहेरील तलावाच्या बांधावरून सकाळी मनाला येईल तितके धावत असत. वजन उतरले होते, क्षुधा उत्तम होती, मलप्रवृत्ती नियमित होती. पुढे ते एका धावणाऱ्या मंडळात सामील झाले. एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन ठराविक वेळेत पूर्ण करावयाची असे ठरले, वेळापत्रक आले, आठवड्याचे किलोमीटर मोजले जाऊ लागले. पाच महिन्यांत पुढील लक्षणे उत्पन्न झाली : रात्री दोननंतर झोप न येणे, वारंवार मुखपाक, मलावष्टंभ, घरात चिडचिड, आणि सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीवर ठेवताच टाचेत तीव्र वेदना. ते म्हणाले, “वैद्यराज, धावणे तर तेच आहे.” वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरे होते. धावण्याचे अंतर वाढले होते हे मान्य. पण लक्षणे अंतर फारसे वाढण्यापूर्वीच, घड्याळ आल्यापासून दोन महिन्यांत सुरू झाली होती.

व्याख्येकडे पुन्हा एकदा

विद्यार्थिदशेत आपण व्यायामाची जी व्याख्या मुखोद्गत करतो ती सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायातील होय. शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म म्हणजे व्यायाम, असा तिचा सरळ आशय आहे. परीक्षेस ती सोयीची आहे. परंतु केवळ तिच्या आधारे पाहिले तर डोक्यावर पोती वाहणारा हमाल आणि आखाड्यात जोर मारणारा मल्ल यांत भेद उरत नाही.

चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, म्हणजे नवेगान्धारणीयात, केलेली व्याख्या अधिक सूक्ष्म आहे. जी शरीरचेष्टा स्थैर्य देते व बल वाढविते तिला देहव्यायाम म्हणावे आणि ती मात्रेने करावी, असे तेथे सांगितले आहे. या व्याख्येत ‘चेष्टा’ हे पद पुन्हा आले आहे. पहिल्या वाचनात ती द्विरुक्ती वाटते. चक्रपाणिदत्ताने तेथे ‘च इष्टा’ असा पदच्छेद घेऊन ती द्विरुक्ती दूर केली आहे. म्हणजे केवळ शरीराची हालचाल पुरेशी नाही. ती कर्त्याला इष्ट, अभिप्रेत, मनाला अनुकूल असली पाहिजे. भार वाहण्यासारख्या, कार्यवशात् अनिच्छेने कराव्या लागणाऱ्या चेष्टा या एका पदाने व्यायामाच्या कक्षेतून बाहेर पडतात.

हा पदच्छेद व्याकरणाची करामत म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याचा चिकित्सेतील अर्थ असा की, व्यायामाची लक्षणे तीन आहेत : स्थैर्य, बलवृद्धी आणि इष्टत्व. पहिली दोन आपण रुग्णास विचारतो, अंगमेहनत सोसते का, थकवा येतो का. तिसरे विचारत नाही. “तुम्हाला हे करावेसे वाटते का?” हा प्रश्न रुग्णपत्रिकेत कुठेही नसतो. जो मनुष्य मंडळातील इतरांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून पहाटे चारला उठतो, पाऊल टाकताना दुखते तरी वेळापत्रकातील सोळा किलोमीटर पुरे करतो, त्याचे धावणे चरकाच्या व्याख्येनुसार भारवहनाच्या जवळ जाते. भार डोक्यावर दिसत नाही एवढेच.

त्याच अध्यायात व्यायाम कोणी वर्ज्य करावा याची जी गणना आहे, तीत क्रोध, शोक, भय व आयास यांनी ग्रस्त असलेल्यांचाही समावेश आहे. कृश, भुकेलेले, तृषार्त यांच्याच पंक्तीला भयग्रस्त मनुष्य बसविला आहे. शर्यतीच्या आदल्या पंधरवड्यात आपल्यापुढे बसलेल्या धावपटूच्या चेहऱ्याकडे पाहिले म्हणजे ही पंक्ती किती विचारपूर्वक मांडली आहे याची प्रचीती येते.

संहितांमध्ये धावणे कोठे येते?

धावण्याचा स्पष्ट उल्लेख आपणांस बहुधा रोगांच्या हेतूंमध्ये आढळतो, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चरकाच्या निदानस्थानातील सहाव्या अध्यायात शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय व विषमाशन. साहसाच्या विवरणात बलवानाशी युद्ध, मोठे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, पाण्यात फार दूर पोहणे यांच्याबरोबर फार लांबचा मार्ग द्रुतगतीने धावत जाणे हेही आहे. चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात क्षतक्षीणाच्या हेतूंमध्ये घोड्यांबरोबर धावणे हा हेतू आला आहे.

यावरून काही विद्वान ‘आयुर्वेदाला धावणे मान्य नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो मला घाईचा वाटतो. शब्दांकडे नीट पाहावे. नुसता मार्ग म्हटलेला नाही, अतिदीर्घ मार्ग म्हटला आहे. नुसते जाणे नाही, द्रुत जाणे आहे. साहसाच्या यादीतील बहुतेक सर्व कर्मांत एक समान सूत्र दिसते. तेथे मात्रा स्वतःच्या बलावरून ठरत नाही. ती प्रतिस्पर्ध्याच्या बलावरून, धनुष्याच्या ताठरपणावरून, नदीच्या रुंदीवरून किंवा घोड्याच्या गतीवरून ठरते. घोडा जितका धावेल तितके धावावयाचे, मग आपले उरःस्थान ते सोसो अथवा न सोसो. मनगटावरील घड्याळ, मंडळाची यादी आणि शर्यतीचा निकाल हे आधुनिक घोडेच होत. स्वतःच्या बलाने मोजलेले धावणे या दोन्ही हेतूंत बसत नाही.

अतिव्यायामाने श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी होतात, असे चरक सांगतो. आणि जो अतिप्रमाणात व्यायामादी करतो तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, ही उपमा सर्वश्रुत आहे. तिच्यातील मर्म असे की सिंह दुर्बल नाही. अतियोगाने जो मोडतो तो बहुधा बलवानच असतो. दुर्बल मनुष्य तेथपर्यंत पोहोचतच नाही.

अर्धशक्ती कशी ओळखावी?

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्याने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर काळी त्याहून मंद, असा अष्टांगहृदयाचा आदेश आहे. सुश्रुत सर्व ऋतूंत, पण बलाच्या अर्ध्यानेच, करावयास सांगतो. अर्धे बल मोजावे कसे याचे उत्तरही सुश्रुताने दिले आहे : व्यायाम करताना हृदयस्थानी असलेला वायू जेव्हा मुखाकडे येऊ लागतो तेव्हा बलार्ध झाले असे समजावे. टीकाकारांच्या परंपरेत कक्षा, ललाट, नासिका व हातापायांचे संधी यांवर घाम आणि तोंडास कोरड, ही लक्षणे त्यास जोडलेली आहेत. म्हणजे नाकाने सहज चालणारा श्वास तोंडाने घ्यावा लागतो, तेथे रेषा आखली आहे.

आधुनिक व्यायामशास्त्रात याच रेषेच्या निकट असलेली एक साधी परीक्षा वापरली जाते. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते का, हे पाहावयाचे. बोलणे तुटू लागले की श्वसनाचा वेग श्रमाच्या प्रमाणाबाहेर वाढू लागल्याचे ते चिन्ह मानतात. उपकरण लागत नाही, खर्च नाही, आणि खेड्यातील रुग्णासही ती एका वाक्यात समजते.

या संदर्भात दोन परदेशी उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे आर्थर लिडियार्ड नावाचा, बुटांच्या कारखान्यात काम केलेला एक प्रशिक्षक होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याचे शिष्य पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी अनुक्रमे ८०० व ५,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली. स्पर्धेच्या क्षेत्रात याहून मोठे यश ते कोणते? परंतु याच मनुष्याने पुढे मध्यमवयीन, स्थूल, हृदयविकारातून उठलेल्या सामान्य नागरिकांना एकत्र करून, गप्पा मारीत हळू धावावयास लावले. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगनचा नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेला असता त्या मंडळींबरोबर धावताना त्याचीच दमछाक झाली, आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला, सत्तरी ओलांडलेला एक सहधावक त्याच्यासाठी हळू होऊन सोबतीस राहिला. बॉवरमनने परत जाऊन डब्ल्यू. ई. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि तो शब्द जगभर झाला.

दुसरे उदाहरण जपानचे. फुकुओका विद्यापीठातील प्राध्यापक हिरोआकी तनाका यांनी ‘निको निको’ गतीचा पुरस्कार केला. निको निको म्हणजे हसतमुख. चेहऱ्यावरील स्मित न मावळता जितक्या वेगाने धावता येईल तितकाच वेग, चालण्याहून फारसा अधिक नाही. प्रयोगशाळेत मोजले असता ही गती मनुष्याच्या प्राणवायू ग्रहण करण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे निम्म्यावर येते. अर्धशक्ती! वाग्भट आणि तनाका यांनी ‘अर्ध’ एकाच एककात मोजले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन भिन्न परंपरांतील दोन चिकित्सक निरीक्षण करीत करीत एकाच ठिकाणी येऊन थांबले, इतके मात्र निश्चित म्हणता येईल. तनाकांनी तर इष्टत्वालाच मोजमाप बनविले आहे.

इष्टत्वाचा शरीरावर खरोखर परिणाम होतो काय, की ही केवळ मनाची समजूत, असा आक्षेप कोणी घेईल. प्राण्यांवरील निरीक्षणे येथे उपयोगी पडतात. पिंजऱ्यातील उंदरास चाक दिले असता तो आपण होऊन धावतो. त्यालाच यंत्राच्या पट्ट्यावर सक्तीने धावविले असता स्नायूंचे बल वाढते, पण त्याबरोबर अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होणे यासारखी ताणाची चिन्हेही आढळलेली आहेत. चाकावर धावणे हे कैदेतील विकृतीचे लक्षण आहे, अशीही शंका होती. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी उघड्या रानात चाक ठेवून तिचे निरसन केले. रानटी उंदीर आपणहून येत, चाकात शिरत, धावत आणि निघून जात. कोणाची सक्ती नव्हती, शर्यत तर नव्हतीच.

माणसांविषयीचा मोठा पुरावाही अल्पमात्रेच्या बाजूने आहे. अमेरिकेतील ५५,१३७ प्रौढांचा सरासरी पंधरा वर्षे मागोवा घेऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धावणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी व हृदयविकारजन्य मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळला; आणि हा लाभ दिवसाला पाच ते दहा मिनिटे, ताशी साडेनऊ किलोमीटरहून कमी वेगाने धावणाऱ्यांतही बव्हंशी दिसला. कोपेनहेगनमधील २०१५ च्या अभ्यासात सर्वांत कमी मृत्यू मंद धावणाऱ्यांत होते. तेथील अतिश्रमाने धावणाऱ्यांचा गट फार लहान होता, म्हणून ‘फार धावणे न धावण्याइतकेच वाईट’ असा निष्कर्ष त्यातून काढू नये. वृत्तपत्रांनी तो काढला. आपण आपल्या व्याख्यानांतून तो पुढे पसरवू नये, ही विनंती.

कुचला आणि शर्यत

आपल्या वाचकांत औषधनिर्माते व औषधविक्रेते यांची संख्या मोठी असल्याने एका जुन्या घटनेची येथे मुद्दाम नोंद करतो. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे झालेल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावरून झाली. निघालेल्या बत्तिसांपैकी चौदाच पोहोचले. विजेता थॉमस हिक्स वाटेत कोसळण्याच्या बेतात असताना त्याच्या साहाय्यकांनी त्यास अंड्याच्या पांढऱ्या बलकात स्ट्रिक्नीन दिले आणि वर ब्रँडी पाजली. तो भ्रमित अवस्थेत, दोघांच्या आधाराने, कसाबसा पोहोचला आणि सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्याचे प्रमुख विषारी तत्त्व. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांसारख्या कल्पांतून आपण शोधित कुचला नित्य वापरतो आणि योग्य मात्रेत तो वातव्याधीत उत्तम कार्य करतो. परंतु गोमूत्र, गोदुग्ध व घृत यांनी शोधन केल्यावरही हे तत्त्व पूर्णतः नाहीसे होत नाही, कमी होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळी निषिद्ध द्रव्य आहे. सोमवल्लीतील एफेड्रीन विशिष्ट प्रमाणापुढे आणि भांगेतील मादक तत्त्व हीही तेथे आहेत. ज्याची चाचणी होऊ शकते अशा खेळाडूस अग्निमांद्यासाठी सहज म्हणून अग्नितुंडी लिहून देणारा वैद्य त्याची अनेक वर्षांची मेहनत धोक्यात घालू शकतो. औषध देण्यापूर्वी ‘स्पर्धेत उतरता काय?’ हे विचारणे आता आवश्यक झाले आहे. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. दुकानदार ती वाचून दाखवीत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

याहून नित्याचा प्रसंग म्हणजे ‘दमसास वाढविणारे काही द्या’ अशी मागणी. अश्वगंधा, बला, शतावरी ही द्रव्ये बल्य आहेत यात शंका नाही. पण बल्य म्हणजे रसायनक्रमाने धातूंना पुष्टी देणारे. पुढील रविवारच्या शर्यतीसाठी लगाम सैल करणारे नव्हे. दुकानात येणाऱ्या अशा ग्राहकास वैद्याकडे पाठविणे हे विक्रीच्या दृष्टीने तोट्याचे असेल, तरी तेच उचित. वेदनाशामक गोळी घेऊन लांब पल्ला धावणाऱ्यांस तर स्पष्ट मज्जाव करावा. निर्जलीकरण, उष्णता व ती गोळी ही तिन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंडास इजा होऊ शकते; शिवाय वेदना हा शरीराने दिलेला जो इशारा, तोच बंद केल्यावर अर्धशक्ती ओळखणार कशाने?

स्पर्धेचा पक्ष

विषयाची एक बाजू मांडून थांबणे अन्यायाचे होईल. स्पर्धा ठरली म्हणून आळस सुटला, तारीख डोळ्यांपुढे आहे म्हणून सातत्य राहिले, असे सांगणारे अनेक रुग्ण भेटतात. कफप्रधान, स्थूल, तमोबहुल मनुष्यास अशी प्रेरणा औषधासारखी लागू पडते. आणखी एक गोष्ट : काहींना जिंकणेच इष्ट असते. मग चक्रपाणीच्या छेदाप्रमाणे त्यांची स्पर्धाही इष्ट चेष्टाच ठरत नाही काय?

या प्रश्नावर मी बराच काळ विचार केला आहे. मला असे वाटते की इष्टत्व चेष्टेचे सांगितले आहे, चेष्टेच्या फलाचे नव्हे. निकाल हवा आहे आणि धावणे नको आहे, अशी स्थिती आली की धावणे हा निव्वळ मोबदला होतो. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. निकाल कळणारच नाही असे सांगितले, तर तो मनुष्य उद्या धावेल का? धावणार असेल तर त्याने शर्यतीत खुशाल भाग घ्यावा. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर याने १९३० च्या दशकात स्पर्धकांसाठीच जी पद्धत बसविली तिचे नाव ‘फार्टलेक’, म्हणजे वेगाचा खेळ. रानवाटेने मनास येईल तेव्हा वेग वाढवावा, मनास येईल तेव्हा सोडावा. उत्तम स्पर्धकही क्रीडा विसरलेले नसतात.

आपल्याकडे धावण्याचा असा एक मोठा सोहळा शतकानुशतकांच्या वारीत जिवंत आहे. आषाढी वारीच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण, पुरंदवडे येथे गोल रिंगण होते. पताकावाले धावतात, तुळशी घेतलेल्या महिला धावतात, विणेकरी धावतात. वेळापूरजवळ उतारावरून ‘धावा’ होतो. त्यात साठी-सत्तरीचे वारकरी असतात. रिंगणात घोडाही धावतो. पण घोड्याशी कोणी शर्यत लावीत नाही. तो गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळास लावतात. क्षतक्षीणाचा हेतू वाचताना मला नेहमी या दृश्याची आठवण होते.

व्यवहारात कसे योजावे

धावणे लिहून देताना प्रथम कोणास देऊ नये हे पाहावे. वातपित्तज विकारांचे रुग्ण, बालक, वृद्ध व अजीर्णी यांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. त्याचा अर्थ वृद्धाने चालूही नये असा घेऊ नये. नियमित धावत आलेल्या पासष्टीच्या माणसास ते सात्म्य झालेले असते. बालकाविषयी मात्र शिथिलता नको. २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांच्या एका मुलास पुरीहून भुवनेश्वरकडे सुमारे ६५ किलोमीटर धावविण्यात आले आणि अत्यंत थकव्यामुळे त्यास थांबवावे लागले. त्या मुलास धावणे आवडत असेलही. पण चार वर्षांच्या मुलाचे इष्ट म्हणून आपण जे पाहतो ते पुष्कळदा भोवतीच्या मोठ्यांचे इष्ट असते.

हृदयाचा विचार स्वतंत्रपणे करावा. धावण्याच्या प्रसारासाठी १९७७ मध्ये अत्यंत गाजलेले पुस्तक लिहिणारे अमेरिकन लेखक जिम फिक्स हे १९८४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावताना हृदयविकाराने मरण पावले. धावण्याने ते मेले असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. वस्तुतः त्यांच्या वडिलांस पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन त्रेचाळिसाव्या वर्षी मृत्यू आला होता, आणि फिक्स यांचे पूर्वायुष्य स्थूलता व धूम्रपान यांत गेले होते. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या बऱ्याच अवरुद्ध आढळल्या. बीजदोष व पूर्वीचा अपचार धावण्याने पुसला जात नाही. कुलवृत्तात तरुण वयातील हृदयविकार असेल, मधुमेह वा उच्च रक्तदाब असेल, धावताना छातीत जडपणा वा भोवळ येत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतल्याशिवाय धावण्याची परवानगी देऊ नये. इन्शुलिन अथवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने धावताना साखर जवळ ठेवावी आणि आपल्या तज्ज्ञास कळवूनच आरंभ करावा.

आरंभ चालण्याने करावा. पंधरा दिवस चालणे, मग चालण्याच्या अधूनमधून शंभर-दोनशे पावले मंद धावणे, मग हळूहळू धावण्याचा भाग वाढविणे. जमीन मातीची असल्यास उत्तम. आपल्या दिनचर्येत अभ्यंग आधी व व्यायाम नंतर येतो. धावणाऱ्यास निदान पाद, जंघा व जानू येथे तिळतेलाचा अभ्यंग सांगावा. ही गोष्ट लहान वाटते, परंतु वातप्रकृतीच्या रुग्णांत याचे फळ मी वारंवार पाहिले आहे. व्यायामानंतर सुखकर होईल तितके अंगमर्दन सांगितलेले आहे. स्निग्ध भोजनाची अट विसरू नये. वजन उतरविण्याच्या घाईत तूप पूर्ण बंद करून रोज दहा किलोमीटर धावणारा मनुष्य धातुक्षयाच्या वाटेवर असतो. ग्रीष्मात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, मात्रा निम्म्याहून खाली आणावी. वर्षाऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असतो, तेव्हाही हात आखडता घ्यावा. शर्यतींची वेळापत्रके ऋतुचर्या पाहून ठरत नाहीत, ही एक वेगळीच व्यथा आहे.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. तहानेविना भराभर पाणी पिण्याचा उपदेशही घातक ठरतो. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांत, म्हणजे गमावले त्याहून अधिक द्रव प्यायलेल्यांत, हा धोका विशेष होता.

पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचाराव्यात : झोप, भूक, मलप्रवृत्ती आणि सकाळी उठताच नाडीची गती. नाडी नित्याहून सतत जलद राहू लागली, झोप मोडू लागली, तर किलोमीटर कितीही कमी असोत, त्या मनुष्यापुरता तो अतिव्यायाम होय. पाचवा प्रश्न इष्टत्वाचा. तो सरळ विचारला तर रुग्ण ‘हो, आवडते’ असेच म्हणतो. म्हणून मी विचारतो, “काल धावताना वाटेत काय दिसले?” केवळ घड्याळ पाहणाऱ्यास याचे उत्तर देता येत नाही.

त्या लिपिक गृहस्थांस हेच विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. दोन वर्षे ज्या तलावाच्या बांधावर धावले, तेथे गेल्या पाच महिन्यांत काय पाहिले ते त्यांस आठवेना. टाचेची व्यथा वातकंटक समजून स्नेहन, स्वेदन व विश्रांती दिली. मुखपाक व निद्रानाश यांसाठी पित्तशामक व मेध्य औषधे दिली. तीन आठवडे धावणे पूर्ण बंद आणि नंतर घड्याळाशिवाय, नाकाने श्वास चालेल इतकेच. घड्याळ काढून ठेवणे त्यांना औषधाच्या पथ्याहून जड गेले. दोनदा त्यांनी ते मोडल्याचे पत्नीकडून समजले. अडीच महिन्यांत झोप पूर्ववत झाली, मुखपाक पुन्हा झाला नाही, मलावष्टंभ गेला. टाच सकाळची पहिली दहा-बारा पावले अजून थोडी दुखते आणि तेल चालू आहे. जानेवारीच्या शर्यतीस ते गेले नाहीत. भरलेले प्रवेशशुल्क परत मिळाले नाही, याचे वैषम्य मात्र दर भेटीत बोलून दाखवितात.